परत आलेलं सामान

आमच्या दुकानाला पाटी नव्हती. शेजारच्या चाचांच्या कापडदुकानाला होती, समोरच्या चहाच्या हॉटेलाला होती, कोपऱ्यावर खाली बसून चपला शिवणाऱ्यानेसुद्धा पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून घेतली होती. आम्ही मयतीचं सामान विकायचो. ज्याच्यावर वेळ येते त्याला लोक रस्ता दाखवतातच, पाटी कशाला, असं माझे सासरे म्हणायचे. आणि कळमनुरीचे लोक खरंच दाखवायचे, पण बोटाने नाही, हनुवटीने. आमच्या दुकानाकडे बोट केलेलं चालत नसे. लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा मला त्या हनुवटीचा फार राग यायचा. बाजारातून भाजी घेऊन निघाले की मागे कोणीतरी कोणालातरी हनुवटीने मीच दाखवतंय असं वाटायचं.

मी दुकानात बसायला लागले ती नव्वदच्या दशकात, सासऱ्यांचे गुडघे गेले म्हणून. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. नवरा एसटीत ड्रायव्हर. आपण जित्या माणसांना पोचवतो तेवढं बस झालं, असं म्हणून त्याने या धंद्यातून कधीच अंग काढून घेतलं होतं. राहिले मी. बाजारात कुजबुज झाली. बाईच्या हातून बांबू कसा घ्यायचा म्हणून पहिल्या पहिल्यांदा दोनतीन जण उंबऱ्यावरून मागे फिरले. सासरे ओट्यावर बसलेले असत. ते म्हणायचे, "आईच्या हातचं खाऊनच मोठं झाला न्हवं? मग घ्या की." मागे फिरणारा मुकाट्याने परत यायचा.

दुकानात तसं फार काही नव्हतं. कोपऱ्यात उभे केलेले बांबू, आडव्या बांधायच्या कामट्यांची मोळी, सुतळी, मांजरपाटाचं ठाण, मडकी, गुलाल, अबीर, कापूर. सगळं आतल्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाही असं. पण या एवढ्याशा सामानाला सासऱ्यांची शिस्त मात्र पंचक्रोशीत नसेल अशी. दुकानात मोठ्याने हसायचं नाही. आलेल्याला 'या' म्हणायचं नाही. निघालेल्याला 'परत या' तर मरेपर्यंत म्हणायचं नाही. भाव एकच ठेवायचा, कारण दुःखातला माणूस घासाघीस करत नाही, सांगाल ते देतो, म्हणून सांगणाऱ्यानेच भानावर राहायचं. मांजरपाट कात्रीने कापायचा नाही, हाताने फाडायचा. गेलेल्या माणसाची उंची आकड्यात विचारायची नाही; तुमच्यापेक्षा उंच का ठेंगणं, असं विचारलं की समोरचा आपोआप हात उचलून दाखवतो. उंबऱ्याबाहेर गेलेलं सामान परत आत घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, माणूस गेल्याशिवाय सामान द्यायचं नाही.

या शेवटच्या गोष्टीसाठी त्यांचा एक प्रश्न होता. कोण गेलं, कशाने गेलं, हे ते कधी विचारत नसत. "किती वेळ झाला?" एवढंच. ज्याच्या घरचं माणूस खरंच गेलेलं असतं त्याला ती वेळ पाठ असते. तो अडखळत नाही. म्हशीची धार काढायच्या वक्ताला, आत्ता शाळेची घंटा झाली तेव्हा, असं काहीतरी पटकन सांगतो. जो थांबतो, पायाच्या अंगठ्याकडे बघतो, त्याच्या घरचं माणूस अजून श्वास घेत असतं. त्याला सासरे म्हणायचे, "घरी जा, उशाशी बस. दुकान कुठं पळून चाललं न्हाई."

मला हे सगळं म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटायचं. मी बारावीपर्यंत शिकलेली, त्याचा थोडा तोराही होता. दोन वर्षांत दुकान माझ्या हातात बसलं. एका दमात मांजरपाट सरळ फाडायला लागले. सासरे दुपारी जेवून आडवे व्हायचे, तेव्हा एकटी दुकान सांभाळायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

अशाच एका दुपारी तो आला. पोळा होऊन गेला होता, चार दिवस पाऊस उघडला नव्हता. चाळिशी ओलांडलेला माणूस, डोंगरकडा गावाच्या बाजूच्या एका तांड्यावरचा, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याची याडी, म्हणजे आई, आजारी होती. हे त्याने आधी सांगितलं नाही. त्याने नुसतं सामान मागितलं.

मी विचारलं, "किती वेळ झाला?"

तो थांबला. अंगठ्याकडे बघितलं.

मला कळलं. हे मी आज कबूल करते तसं तेव्हाही मनातून कबूल केलं होतं. तो म्हणाला, "ताई, तुमाला खोटं कशाला सांगू. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. तीन दिस झाले, पोटात अन्नाचा कण न्हाई. वढ्याला पाणी चढून राहिलं. सांजच्याला रस्ता बंद झाला अन् याडी गेली, तर मी बांबू कुठून आणू? तांड्यावर मयत झाकायला धड कापड न्हाई."

तो रडत नव्हता, रडला असता तर बरं झालं असतं. नुसता उभा राहून पागोट्याचं पाणी पिळत होता. मी कोपऱ्यातल्या बांबूंकडे वळले. आणि खरं सांगायचं तर त्यात नुसती दया नव्हती. सासऱ्यांना न विचारता एक अडलेला माणूस मी मार्गी लावतेय, हा माझा रुबाबही होता. मी विचारलं, "तुमच्यापेक्षा उंच का ठेंगण्या?" त्याने आपल्या खांद्याखाली हात धरला. "लहानशी हाय," म्हणाला. मी तेवढा मांजरपाट फाडला, बांबू काढून दिले, मडकं गवतात गुंडाळून दिलं. तो जीपच्या टपावर सामान बांधून गेला.

सासरे उठून ओट्यावर आले. कोपऱ्यातले बांबू कमी झालेले त्यांना लगेच दिसले.

"कुठलं गाव?"

"डोंगरकड्याकडचा तांडा."

"किती वेळ झाला व्हता?"

मी अंगठ्याकडे बघितलं. मग त्यांना काही विचारायची गरजच उरली नाही. ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशीही ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माणूस मेल्यावर दार उघडतो म्हणून लोक आपल्याला दुकानदार म्हणतात, पोरी. जित्या माणसासाठी उघडलं तर आपल्यात अन् गिधाडात फरक काय?"

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर दुकानाची किल्ली नव्हती. ती त्यांनी कमरेला लावली होती. मला सांगितलं, तू आता घरातलं बघ. हट्टा गावाहून त्यांचा भाचा बोलावून घेतला, तिशीतला, चटपटीत, आल्या आल्या दुकानाची मापं घ्यायला लागलेला. त्याला बाहेर पाटी लावायची होती. घर दुकानाच्या मागेच, मधे एक पडदा. मी भाकरी थापताना त्याची बडबड ऐकू यायची आणि माझं डोकं फिरायचं. रागापेक्षा शरम जास्त होती. ज्या जागेसाठी सगळ्या बाजाराच्या नजरा सोसल्या, ती जागा मी एका दुपारच्या रुबाबात घालवली होती. बाजारातही वास लागला होता. त्या बाईने जित्याची तिरडी विकली, असं हॉटेलात बोलत होते. मी तीनदा माफी मागायला सासऱ्यांसमोर गेले आणि तीनदा पाण्याचा तांब्या ठेवून परत आले.

आठदहा दिवस गेले असतील. आठवडी बाजाराचा दिवस होता, ऊन पडलेलं. मी आत डाळ निवडत होते, तर बाहेर एकदम गलका झाला. आमच्या दुकानासमोर गलका कधी होत नाही. लोक येतात ते खाली मान घालून, जातात तसेच. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

एक म्हातारी उभी होती. आरसे लावलेली तांड्याची ओढणी, कपाळ उन्हाने चकाकतंय, आजारातून उठल्याचा फिकटपणा, पण ताठ. शेजारी तो मुलगा, चिखल नसलेला आज, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असा चेहरा. त्याच्या खांद्यावर ते दोन बांबू, हातात पांढऱ्या कापडाची घडी. तांड्यावरच्या सातआठ बायका मागे, आणि त्यांच्या मागे अर्धा बाजार.

म्हातारी भाच्याला म्हणाली, "हे आपलं सामान घ्या. मी मेले न्हाई."

बाजार हसला. भाच्याला घाम फुटला. दुकानाचा मालक झाल्याच्या थाटात तो म्हणाला, "आजी, ह्या दुकानातून गेलेलं सामान परत घेत न्हाईत. तशी रीत हाय."

"व्हय का?" म्हातारी म्हणाली. "मी पार तिथवर जाऊन परत आले. घरच्यांनी मला घेतलं. मग माझं सामान काहून घेत न्हाई?"

भाचा सासऱ्यांकडे बघायला लागला. सासरे भिंतीला धरून ओट्यावरून उठले, तिच्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. आमच्या सासऱ्यांनी देवळाबाहेर हात जोडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

म्हातारी अजून शांत झाली नव्हती. सगळं तिनेच सांगितलं. तीन दिवसांनी तिने डोळे उघडले, पेज मागितली. पाचव्या दिवशी धरून धरून गोठ्यात म्हशीला बघायला गेली, तर कडब्याखाली बांबू. बाजूला मडकं, मडक्यात घडी घातलेलं कोरं पांढरं कापड. कोणाचं म्हणून विचारलं तर सून रडायला लागली.

"कोणी इकलं हे?" तिने विचारलं.

सासरे म्हणाले, "मी."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. हा माणूस उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. दोन कामट्या जास्त गेल्या म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे एसटी स्टँडपर्यंत लंगडत जाणारा माणूस, आणि आज सगळ्या बाजारासमोर, ज्या गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती तीच तो स्वतःच्या अंगावर घेत होता. सुनेला लोकांनी काही बोलू नये म्हणून. मला रडू आलं आणि त्याच दमात रागही आला, त्यांचा नाही, माझा. मी डाळीच्या हाताने पडदा सारला आणि बाहेर आले.

"मामा खोटं बोलून राहिलेत," मी म्हणाले. "मी इकलं."

समोरचा चहावाला किटली हातात धरून तसाच उभा राहिला. म्हातारी माझ्याजवळ आली. माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती.

"काहून इकलं?"

"तुमच्या लेकाच्या तोंडाकडं बघून."

"माझं तोंड कोण बघणार व्हतं?" ती म्हणाली. "त्याला इचारलं न्हाई, मी मेले का म्हणून?"

"इचारलं. किती वेळ झाला म्हणून इचारलं. ते थांबले. मला तिथंच कळलं तुमी जित्या हाव. तरी दिलं. माझी चूक हाय."

हे बोलायला मला आठदहा दिवस लागले होते, पण बोलताना एक शब्द अडला नाही. मग तिने मुलाच्या हातातलं ते पांढरं कापड ओढून घेतलं, झटकून उलगडलं, आणि भर बाजारात आपल्या अंगाला लावलं. कापड तिच्या डोक्यापासून निघालं आणि पोटऱ्यांवरच संपलं. खाली दोन्ही पाय उघडे.

"अन् हे बघ! अपुरं दिलं! मी काय पाय उघडे टाकून जाऊ?"

आमच्या दुकानाच्या इतक्या वर्षांत सामानाची तक्रार घेऊन आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. आधी चाचा हसले, त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून, पोट धरून. "अरे बेटा," ते त्या मुलाला म्हणाले, "माँ का कद भी नहीं मालूम तेरे को? खाट पे लेटी तो छोटी दिखी क्या?" मग म्हातारी हसली, तांड्यावरच्या बायका हसल्या, आणि बघता बघता सगळा बाजार हसायला लागला. मुलगा हसता हसता रडत होता. मला वाटतं, आई मरतेय असं समजून त्याने जे रडू दाबून ठेवलं होतं ते आई उभी राहिल्यावर बाहेर आलं.

सासरे हसले नाहीत. ते म्हणाले, "आई, सामानाचं काय करू सांगा. आत घेता येत न्हाई. बाहेर टाकता येत न्हाई."

म्हातारीने इकडेतिकडे बघितलं. दुकानासमोर ऊन रणरणत होतं. आमच्याकडे येणारा माणूस नेहमी असाच उन्हात उभा राहायचा, कारण 'या' म्हणायचं नाही तसं 'बसा' म्हणायचीही रीत नव्हती. ती म्हणाली, "हितं रोवा दोन्ही बांबू. वर काहीतरी टाका. माणूस आधीच मेल्यासारखा होऊन येतो, त्याला उन्हात काहून उभं करता?"

चाचांनी जुनी ताडपत्री दिली. चहावाल्याने पहार आणली. बाजाराला आलेल्या तांड्यावरच्या माणसांनी तासाभरात खड्डे खणून बांबू रोवले. जी जोडी तिला न्यायला गेली होती ती आमच्या दारात सावली धरून उभी राहिली आणि तिच्याखाली सगळ्यात आधी तीच बसली, पाय पसरून, चहा मागून. मडकं मात्र तिने आणलं नव्हतं. त्यात चिंच घालून ठेवली होती म्हणे, चांगलं भाजलेलं मडकं होतं. कापडही तिने घडी घालून परत काखेत मारलं. "हे माझ्या नावानं फाडलं. माझंच. खालचं कमी पडलेलं मी जोडीन."

निघताना ती सासऱ्यांना म्हणाली, "म्हाताऱ्या, ह्या पोरीला काहून आत कोंडलं? चुकली, पण तोंडावर खरं बोलली. मी जाईन तवा माझं सामान हिच्याच हातून येईल. दुसऱ्या कोणी दिलं तर मी तिरडीवरून उठून परत येईन. आता तुमाला माहीत हाय, मी येते म्हणजे येतेच."

सासऱ्यांनी भर बाजारात कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मी खाली वाकले, त्यांच्या पाया पडले, आणि उठले ती थेट गादीवर जाऊन बसले. भाच्याला चाचांनी संध्याकाळच्या हट्ट्याच्या गाडीत जागा धरून दिली. तो दिवस मी विसरणार नाही. लग्नात वरातीत सुद्धा मला इतकं मिरवल्यासारखं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी तो प्रश्न कधी चुकवला नाही. कितीही अडलेला, कितीही ओळखीचा माणूस असो. जो अडखळला त्याला मी मांडवात बसवलं, पाणी दिलं आणि घरी पाठवलं. काही चिडायचे. एकाने तर दुप्पट देतो म्हणून सांगितलं, त्याला मी ते बांबू दाखवले आणि म्हातारीची गोष्ट सांगितली. तो बाजार करून घरी गेला आणि पुढे दिवाळीला ज्याच्यासाठी सामान न्यायला आला होता त्याच बापाला सोबत घेऊन आमच्या दारावरून हसत गेला. हनुवटीने दाखवणंही कमी झालं. लोक सांगायचे, ते ताडपत्रीचा मांडव हाय ना, तिथं बाई बसते. बोट करून सांगायचे.

दरवर्षी पोळा झाला की म्हातारी बाजाराला यायची आणि न चुकता मांडवात बसून चहा प्यायची. दुकानात पाय ठेवायची नाही. बाहेरूनच ओरडायची, "अजून न्हाई गं!" मीही आतून ओरडायचे, "बरं झालं!" नवं गिऱ्हाईक दचकायचं. सासरे गेले त्या वर्षी तिने चहाचा एक कप त्यांच्या ओट्यावर ठेवला. त्यांचं कापड मी माझ्या हाताने फाडलं होतं, सरळ, एका दमात. मधल्या काळात जिल्हा हिंगोली झाला, बाजारात मोबाईलची दुकानं आली, ताडपत्री दोनदा बदलली. बांबू तेच राहिले.

मग एका हिवाळ्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, तो मुलगा आला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. मांडवात आला, एका बांबूला हात लावून उभा राहिला. मी उठले नाही, 'या' म्हणाले नाही. रीत ती रीत.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

तो थांबला नाही. "उन्हं म्हशीच्या पाठीवर आली तवा. चहा पिऊन कप खाली ठेवला अन् गेली." मग म्हणाला, "कापड नका देऊ, ताई. ते तिनं कवाच पुरतं करून ठेवलं. खाली लाल पट्टी जोडून आरसे लावलेत. बांबू तेवढे द्या."

मी बांबू काढायला वळले. मला काही दिसत नव्हतं, हाताने चाचपडत होते. मागून तो म्हणाला, "अन् तुमाला एक निरोप सांगितलाय तिनं. मागच्या आठवड्यातच माझ्याकडून घोकून घेतला."

"काय?"

"म्हणाली, त्या पोरीला सांग, बिनघोर दे. ह्या टायमाला मी खरंच चालले."

त्या दुकानात कोणी मोठ्याने हसायचं नाही, ही सासऱ्यांची सगळ्यात जुनी शिस्त. ती मी त्या सकाळी मोडली, डोळ्यांना पदर लावून, आणि तिच्या मुलाने माझ्यासोबत मोडली. मग मी बांबू खांद्यावर घेतले आणि जीपपर्यंत मीच पोचवले.